पडून राहण्याची परीक्षा

कर्नल साळवे मॅडमना माणसं उलटी चटकन ओळखू यायची. उभं आयुष्य लष्करी इस्पितळांत भूल देण्यात गेलेलं. भूल देणारा डॉक्टर टेबलाच्या डोक्याकडे बसतो, त्यामुळे त्यांनी पाहिलेले बहुतेक चेहरे हनुवटी वर आणि कपाळ खाली असेच होते. विश्रांतवाडीच्या भाजीबाजारात कुणी "नमस्कार मॅडम, ओळखलंत का?" म्हणालं, की त्या मान खांद्यावर पाडून त्याच्याकडे बघत राहायच्या. समोरच्याला वाटायचं, बाईंची मान अवघडली. मग एकदम, "अहो, तुम्ही अपेंडिक्स! धानोरीचे!" म्हणून त्या खूश व्हायच्या. तो गृहस्थ चारचौघांत अपेंडिक्स म्हणून ओळखला गेल्याने थोडा कमी खूश असायचा.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी रिक्षावाल्यानं "कुठनं घेऊ?" असं विचारलं, की मला अजून त्यांचाच आवाज ऐकू येतो.

कारण त्यांचा दुसरा परिपाठ. इतर डॉक्टर भूल देताना पेशंटला उलटे आकडे म्हणायला लावतात. मॅडम विचारायच्या, "तुमच्या घरी यायचं झालं तर कसं यायचं?" मी एकदा म्हटलं, मॅडम, आकडे सोपे नाहीत का? "आकडे झोपेतही आपोआप चालतात, तांबोळी," त्या म्हणाल्या. "घराचा रस्ता सांगायला माणूस जागा लागतो."

त्यामुळे मॅडमच्या डोक्यात अर्ध्या रस्त्यांचं एक वेगळंच पुणे होतं. कुणी आळंदी रस्त्यानं येता येता पिंपळाशी झोपलेला, कुणी बुधवारातल्या एका बोळाच्या तोंडाशी, कुणी स्वतःच्या फाटकाची कडी काढता काढता. त्यांच्या गाडीतून जाताना मध्येच वेग कमी करून त्या म्हणायच्या, "इथवर एक सुभेदार आला होता." मागे हॉर्नचा कल्लोळ. मॅडम शांतपणे त्या वळणाकडे बघत. "डावीकडं म्हणाला आणि गेला झोपेत. डावीकडं तर आता मोबाइलचं दुकान आहे. काय होतं कोण जाणे." त्यांच्या शेजारी बसलं की शहर नेहमीपेक्षा हलकं वाटायचं, अर्धं डोळ्यांसमोरचं आणि अर्धं दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांतलं. मला ते फार आवडायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मी त्यांच्या आयुष्यात आले ती एका पुतळ्यामुळे. तेव्हा पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटर लागला होता आणि हडपसरच्या बाजूला काचेच्या इमारती उगवत होत्या. त्यांपैकी एका इमारतीच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. परदेशी गिऱ्हाइकांची कामं सांभाळून आमच्या मालकांनी एक देशी काम घेतलं: श्वास घेणारा रबरी माणूस. जवान, अग्निशमन दल, ॲम्ब्युलन्सवाले यांनी त्याच्यावर सराव करायचा. त्याच्या छातीतली मोटर आणि झडपा मी बुधवार पेठेतून हुडकून आणल्या, कारण माझ्या मामूंचं तिथे रेडिओदुरुस्तीचं दुकान आणि पेठेतले सगळे दुकानदार त्यांच्या ओळखीचे. पुतळा दिवसभर पडून असायचा आणि काम काही करायचा नाही, म्हणून ऑफिसातल्या पोरांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं होतं. साहेबांना श्वास शिकवायला सल्लागार म्हणून मॅडम आल्या.

पहिल्याच दिवशी त्या साहेबांच्या उशाशी खुर्ची ओढून बसल्या आणि त्याच्या छातीचं वरखाली बघत राहिल्या. मला वाटलं, चला, पसंत पडलं.

"फारच शिस्तीत श्वास घेतात हो तुमचे साहेब," शेवटी त्या म्हणाल्या. "सरकारी खात्यातले का?"

मग त्या डोळे मिटून स्वतः श्वास घेऊन दाखवू लागल्या. दमलेल्या माणसाचा. घाबरलेल्याचा. आणि मग ज्याच्यासाठी त्या आल्या होत्या तो. खोल, हळू, मग त्याहून हळू, आणि मग एक मोठी मोकळी जागा, जिथे काहीच नाही. त्या मोकळ्या जागेत माझाही श्वास अडकायचा. दुपारची वेळ, पंख्याची घरघर, बाईंचे डोळे मिटलेले, आणि मी त्यांच्या छातीकडे बघत कीबोर्डवर बोटं चालवतेय. कितीतरी दुपारी अशा गेल्या. कधी कधी मलाच पेंग यायची. मॅडम डोळे न उघडता म्हणायच्या, "झोप आली की सांगावं. लाज बाळगू नये."

तो श्वास कशाचा, ते सांगायला हवं. फेंटानिल नावाचं एक औषध आहे. अफूच्या कुळातलं, पण ताकद अशी की चिमूटसुद्धा फार झाली. मॅडमनी ते आयुष्यभर वापरलं होतं, मोजून, मापून, जखमी जवानांच्या वेदना थांबवायला. आता त्याच्या भाऊबंदांची पांढरी भुकटी कुठे कुठे चोरून बनू लागली होती. एखाद्या गोदामात जवान शिरला, आग विझवणारा शिरला आणि ती हवेत उडून त्याच्या नाकात गेली, तर माणूस खोकत नाही, ओरडत नाही. गोड झोपतो आणि श्वास घ्यायचा विसरतो. "माझंच औषध आहे ते," मॅडम म्हणायच्या. "घरचंच पोर वाया गेल्यावर गावाला सावध करायचं काम आईचंच ना?"

त्यांचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. आईवडिलांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा त्या शाळेत होत्या. वडील खडकीच्या कारखान्यात कामगार. बाईमाणसाला पलटणीत कशाला पाठवता, असं अर्ध्या वस्तीनं विचारलं, तेव्हा वडील म्हणाले होते, "तुमच्या ऑपरेशनला येईल ती, तेव्हा विचारा." कुजकं बोलणं त्यांच्याकडे वारशानं आलं होतं. घरात दिवाणखान्यात बुद्धाची लहानशी पितळी मूर्ती होती, उजव्या कुशीवर निजलेली. आमच्या मालकांनी एकदा भाबडेपणानं विचारलं, "मॅडम, हे झोपलेत का?" मॅडम म्हणाल्या, "त्यांना उठवायची ड्यूटी माझ्याकडे नाही. तुम्ही चहा घ्या."

जवानांच्या एका तुकडीला शिकवायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. तुकडीत एक भारदस्त मिशांचे सुभेदार होते. त्यांना हे सगळं बायकी वाटत असावं. भुकटीला काय घाबरायचं, असा त्यांचा चेहरा. मॅडमनी काही वाद घातला नाही. एका खोलीत त्यांनी तांदळाच्या पिठीत कपड्यांची नीळ मिसळून जमिनीवर शिंपडली आणि सांगितलं, आत जा, साहेबांना उचलून बाहेर आणा, हातमोजे-मास्क काढा आणि चहा प्या. सगळं झटपट झालं. सुभेदारांनी चहा पिता पिता मिशांवरून हातही फिरवला. मग मॅडम ओला रुमाल घेऊन एकेकाजवळ गेल्या आणि न बोलता पुसू लागल्या. जिथे जिथे पुसलं तिथे निळं. बोटं निळी, मान निळी, कपाची कड निळी, आणि सुभेदारांच्या मिशांना तर अशी नीळ चढली की जवानांना हसू आवरेना.

"शौर्य खिशात ठेवा आणि मोजे हातात," मॅडम म्हणाल्या. "आणि काढताना ते बाहेरून नाही धरायचे, आतून उलटे करायचे." सुभेदारांनी मिशा धुऊन आल्यावर पहिला सॅल्यूट त्यांना ठोकला. पण लोक घाबरले की त्या तितक्याच चिडायच्या. नुसता हात लागला म्हणून कुणी मरत नाही, म्हणायच्या, साध्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, तोच हात नाकातोंडाशी नेऊ नका, बास. पडलेल्या माणसापासून लांब पळणारा जवान त्यांना मिशीवाल्यापेक्षा जास्त नापसंत होता.

पण त्यांची खरी परीक्षा वेगळीच होती. ती होती पडून राहण्याची.

या विषावर उतारा आहे. नॅलॉक्सोनचं इंजेक्शन दिलं की मेल्यासारखा पडलेला माणूस उठून बसतो, चहासुद्धा मागतो. बघणाऱ्याला चमत्कार वाटतो आणि तिथेच घात होतो. उताऱ्याचा जोर लवकर ओसरतो, विष अजून अंगात असतं. माणूस घरी जातो, हसतो, जेवतो, आडवा होतो आणि परत झोपतो. मॅडम त्याला 'दुसरी झोप' म्हणायच्या. "पहिल्या झोपेत चार माणसं धावत येतात. दुसरीत कुणी नसतं. सगळे म्हणतात, दमलाय, झोपू दे."

म्हणून जो पडला त्यानं उठायचं नाही. आणि बाकीच्यांनी त्याच्या उशाशी बसून गप्पा मारायच्या, मदत येईपर्यंत. हे शिकवायला त्या अख्ख्या तुकडीला पाळीपाळीनं सतरंजीवर झोपवायच्या, शेजारी एक सोबती बसवायच्या आणि घड्याळ लावायच्या. ऐकायला किती सोपं. पण जळत्या जिन्यातून सिलिंडर खांद्यावर आणणारी माणसं, त्यांना धडधाकट असताना पडून राहणं काही केल्या जमेना. कुणाला खाज सुटे, कुणाला फोन येई, कुणी म्हणे, मॅडम, लोक बघतायत.

यात सगळ्यात नापास म्हणजे अग्निशमन दलातले कदम. हडपसरजवळच्या मांजरी गावचे. अंगानं आडवा माणूस, हसरा, आगीत शिरणारा पहिला आणि सतरंजीवरून उठणाराही पहिला. "मॅडम, आमच्यात पडून राहिला तो गेलेला असतो," ते म्हणायचे. मॅडम त्यांना रस्ता विचारून धरून ठेवायच्या आणि ते खडाखडा सांगायचे: "सोपं हाय. मॉलच्या पुढनं वळायचं, मोठी सोसायटी लागती, तिच्या बी विंगच्या मागं गल्ली, निळा गेट. झालं का? उठू?"

"नापास," मॅडम म्हणायच्या.

त्या दिवशीही आम्ही त्यांच्याच केंद्रावर सरावाला गेलो होतो. कदम चौथ्यांदा की पाचव्यांदा नापास होण्याच्या तयारीत होते, तेवढ्यात आगीची वर्दी आली. मांजरीच्या अंगाला एका गोदामातून धूर येतोय. गाडी निघाली, आणि मागोमाग मॅडमनी आपली छोटी गाडी काढली. मी अर्थातच शेजारी. मागच्या सीटवर साहेब.

गोदाम उसाच्या एका शिल्लक राहिलेल्या पट्ट्याला लागून होतं, समोर नव्या इमारतींचे सांगाडे. आग किरकोळ निघाली. आत काही पिंपं आणि फुटलेली पोती होती, कसली ते कुणालाच माहीत नव्हतं. केंद्राचे प्रमुख पानसेसाहेब शिस्तीचे, त्यांनी सगळ्यांना मास्क लावूनच आत पाठवलं होतं. कदम आणि दोघे आत गेले, काम उरकून बाहेर आले. सगळं मॅडमनी शिकवल्याप्रमाणे झालं.

आणि मग कदमांनी मास्क काढला आणि कोट झटकला.

ही अग्निशमनवाल्यांची जुनी सवय. आग विझली की बाहेर यायचं, एकमेकांच्या पाठीवर थापा मारून राख झाडायची आणि चहा मागवायचा. ती थाप म्हणजे त्यांच्यात शाबासकी असते. मॅडमनी घसा फोडून सांगितलं होतं, कोट झटकायचा नाही, अंगावरच भिजवायचा. पण हात शिकवलेलं ऐकत नाहीत, सवयीचं ऐकतात. कदमांनी कोट काढून गाडीच्या दारावर दोनदा आपटला, पांढरा धुरळा तोंडावर आला, आणि ते काहीतरी विनोद करता करताच खाली बसले.

मॅडम धावल्या नाहीत. आधी त्यांनी वारा बघितला, मास्क लावला, मोजे घातले. मला ओरडून मागे थांबवलं. कदमांचे डोळे उघडून पाहिले. बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. "पाणी मारा यांच्यावर. हळू. उडवू नका. कपडे काढा." आणि बॅगेतलं इंजेक्शन त्यांनी कदमांच्या मांडीत दिलं. ओठ काळेनिळे पडले होते. मॅडम तोंडावर हवेची पिशवी धरून दाबत होत्या, अगदी एका लयीत, आणि आम्ही सगळे नुसते बघत होतो.

थोड्या वेळानं कदम खोकले आणि उठून बसले.

टाळ्या पडल्या. खरंच टाळ्या पडल्या. पलीकडच्या बांधकामावरचे मजूरसुद्धा टाळ्या वाजवत होते. कदम ओल्या चड्डीवर बसलेले, लाजेनं लाल. "काय झालं नाय. ठणठणीत हाय मी. चादर द्या रे कुणीतरी." पानसेसाहेबांच्या जिवात जीव आला. मालगाडी बंद पडल्यानं ॲम्ब्युलन्स रेल्वे फाटकापलीकडे अडकली होती. ते म्हणाले, "मॅडम, उगाच थांबायला नको. याचं घर इथंच आहे. घरी सोडतो, संध्याकाळी दवाखान्यात दाखवून घेईल."

"हे घरी जाणार नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"अहो, शुद्धीवर आहे तो. लोक जमलेत, फोटो काढतायत. माणसाची अब्रू असते."

कदमही उठू लागले. दोघांनी आधाराला हात दिला. हा माणूस आता चालत जाईल, घरी जाईल, बायको म्हणेल दमलाय, झोपू दे. मॅडमकडे अधिकार कसला? कंपनीच्या सल्लागार. पानसेसाहेब त्यांचं ऐकायला बांधील नव्हते आणि कदम तर त्यांच्या परीक्षेत कधी पासच झाले नव्हते.

मॅडमनी आवाज चढवला नाही. त्यांनी मोजे आतून उलटे करून काढले, पाण्याने हात धुतले, नवे घातले. मग इस्त्रीच्या कोटा साडीचा पदर खोचला, एक हात जमिनीला टेकवला आणि साठी उलटलेल्या, गुडघे गेलेल्या कर्नल साळवे, गाडीतून काढून लांब अंथरलेल्या सरावाच्या सतरंजीवर, बांधावरच्या गवतात, सरळ आडव्या झाल्या. आभाळाकडे तोंड करून.

"या कदम," त्या म्हणाल्या. "मला एकटीला पडून राहायची लाज वाटते."

कदमांनी एकदा पानसेसाहेबांकडे पाहिलं, एकदा जमलेल्या लोकांकडे, आणि ते येऊन चादर ओढून त्यांच्या शेजारी पडले. ऊस सळसळत होता. बांधकामाची धडधड थांबली होती. वर दोन घारी फिरत होत्या.

"हं. तुमच्या घरी कसं यायचं?"

"तुम्हाला म्हाइतीये की मॅडम. मॉलच्या पुढनं."

"परत सांगा. मी म्हातारी आहे, विसरते."

त्यांनी सांगितलं. मॉल, सोसायटी, बी विंग, निळा गेट. मॅडमनी परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं, जरा वैतागून. असं किती वेळा चाललं ते मला आठवत नाही. उन्हं कलायला लागली होती. भोवतालची माणसं खाली बसली, काही जण कुजबुजत होते, आणि त्या रस्त्याचा एक मंत्रच झाला होता. मलाही गुंगी आल्यासारखं झालं.

"...मग पाटाच्या कडंनी यायचं," कदम म्हणत होते. आवाज मऊ झाला होता. "पाटाला पाणी असतंय. मग आमचा ऊस लागतो. त्याच्यातनं पायवाट हाय. गुऱ्हाळाचा वास येतो बघा, तिकडंच वळायचं."

आजूबाजूला लोक हसले. किती छान सांगतोय, असे चेहरे. पानसेसाहेबसुद्धा हसून मला म्हणाले, "ऊस कुठला आता. त्या उसावरच ती सोसायटी उभी आहे. गुऱ्हाळ जाऊन जमाना झाला."

मॅडम ताडकन कुशीवर वळल्या. "तांबोळी! बॅग!"

मी बॅग ढकलली. कदमांचे डोळे अर्धे मिटले होते आणि चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की त्यांना हलवायला जीव धजला नसता. मी त्यांच्या छातीकडे पाहिलं. खोल, हळू, मग त्याहून हळू. आणि मग ती मोकळी जागा. ती मी ओळखली. मीच तर ती टाइप केली होती. पानसेसाहेबांचं हसू जागच्या जागी थांबलं.

दुसरं इंजेक्शन गेलं. मॅडम गुडघ्यांवर बसून परत पिशवी दाबू लागल्या. मला मास्क चढवून त्यांनी जवळ बोलावलं आणि मी कदमांचा जबडा वर धरून बसले. तेवढं मला येत होतं, साहेबांवर शिकले होते. उसाच्या पलीकडून ॲम्ब्युलन्सचा आवाज यायला लागला तेव्हा कदमांनी डोळे उघडले. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"मधीच कशाला उठवलं?" ते रागानं म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "आई हाका मारत होती. उसाच्या पार शेवटच्या सरीत होती ती."

"असू दे," मॅडम म्हणाल्या. "तिला थांबायची सवय असते."

ॲम्ब्युलन्सवाले कदमांना घेऊन गेले, उताऱ्याची बाटली लावून. ते वाचले. ही गोष्ट मी खूप जणांना सांगते, आणि सगळ्यांना तेवढंच हवं असतं. पण मला आठवतं ते त्यानंतरचं. मॅडम परत आडव्या झाल्या होत्या. मला वाटलं, त्यांनाच काही झालं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "रडू येतंय. येऊन जाऊ दे." आणि खरोखर त्या आभाळाकडे बघत रडल्या, तोंड न लपवता. मग म्हणाल्या, "फार गोड झोप असते गं ती. आयुष्यभर मी लोकांना तीच दिली. आणि आज त्याला आईजवळून ओढून आणलं." त्यांनी मला 'गं' म्हटलेलं मी तेव्हाच काय ते ऐकलं.

उठायची वेळ आली तेव्हा गुडघे ऐकेनात. हे लक्षात आल्यावर जवान पुढे झाले. कुणी दंडाला धरलं, कुणी पाठीला, आणि त्यांनी बाईंना अलगद उभं केलं. गाडी चालवायची त्यांच्यात ताकद नव्हती आणि मला तेव्हा चालवता येत नव्हती. पानसेसाहेबांनी आपल्या लाल गाडीचं पुढचं दार उघडलं. ती त्यांची जागा, ड्रायव्हरशेजारची. तिथे दुसरं कुणी बसल्याचं दलात कुणी पाहिलं नसेल. "बसा मॅडम," ते म्हणाले आणि टोपी काढून काखेत धरली.

"सीट ओली होईल तुमची," मॅडम म्हणाल्या आणि चढून बसल्या.

पुढे आमची कंपनी एका मोठ्या कंपनीनं घेतली, मला बंगळूरला जावं लागलं आणि मॅडमची माझी परत भेट झाली नाही. त्यामुळे माझ्याकडे आहे ते एवढंच. गाडी बांधकामाच्या धुळीतून रस्त्याला लागतेय. पानसेसाहेब मागे जवानांमध्ये बार धरून उभे आहेत, टोपी काखेत. आणि पुढच्या सीटवर मॅडम, ड्रायव्हरला हातवारे करून विश्रांतवाडीचा रस्ता सांगता सांगता, अर्ध्यातच, एकसारख्या श्वासानं, झोपी गेल्या आहेत.